पेठ रस्त्यावरील आठाचा आकडा सर जाहला त्याची हकीकत

श्री गंगागोदावरी समर्थ.

शके एकोणीसशे चोवीस, चित्रभानु नाम संवत्सरी, आश्विन शुद्ध नवमी, सोमवारी, वडनेर शिवारातील भिमाबाईसाहेब यांनी नाशिक मुक्कामी पेठ रस्त्यावर आरटीओच्या मैदानी आठाचा आकडा सर केला, ही गोष्ट गंगाघाटापासून देवळाली कॅम्पापर्यंत सर्वांस ठाऊक. परंतु सांगताना कोणी दोन गोण्यांच्या चार करितो, कोणी साहेबांच्या तोंडी न बोललेली वाक्ये घालितो, आणि दीर मल्हारीरावांच्या बाजूचे लोक तर त्या दिवशी मैदानात आठ मुळी आखलाच नव्हता म्हणतात. ऐसा गलबला माजला, तेव्हा खरे काय ते एकदा कागदी लागावे, म्हणून सेवकाने बाईसाहेबांच्या सासूबाई, यजमान, द्वारका चौकाचे हवालदार आणि मैदानासमोरील चहावाला इतक्यांच्या जबान्या घेऊन, पदरचे मीठ थोडकेच घालून, हे लिहिले आहे. यात चूक निघाल्यास ती चहावाल्याची समजावी.

वडनेर शिवारी कैलासवासी गोटीरामबाबा यांचा चार एकरांचा मुलूख. बाबांस पुत्र दोन, वडील हिरामणराव आणि धाकटे मल्हारीराव. बाबांनी हयातीतच वाटणी केली, आणि जमीन वाटली, विहिरीच्या पाळ्या वाटल्या, आंबा एक होता तो फांद्यांनी वाटला, आणि मग गंगाघाटावरील फुलबाजारातील ओट्यापाशी येऊन अडले. हा ओटा पिंपळाखाली, दगडी, तीन हात लांब आणि दीड हात रुंद. त्यावर बाबांच्या कुटुंब नवसाबाईसाहेब चाळीस वर्षे बसून झेंडू, शेवंती आणि निशिगंध विकीत आल्या. दीड हाताचे दोन भाग करावे तर एकाही भागावर माणूस मावेना, सबब बाबांनी पंच बसवून कलम लिहिले, ते येणेप्रमाणे: खंडेनवमीस दिवेलागणीला थोरल्याचा माल ओट्यावर असल्यास वर्षभर बैठक थोरल्याची, नसल्यास धाकट्याची, माल घरच्या वाहनाने आणावा, भाड्याचे वाहन धरू नये. हे शेवटले वाक्य कशास घातले म्हणावे, तर बाबांच्या तरुणपणी भाड्याच्या टांग्याच्या घोड्याने त्यांची शेवंतीची अख्खी पाटी खाल्ली होती, आणि तो राग त्यांनी मरेपर्यंत धरिला.

थोरल्या घरी वाहन म्हणजे एम-एटी नामे हिरवी दुचाकी, हीस घरात घोडी म्हणत. धाकट्या घरी टेम्पो. हिरामणराव घोडीवर माल लादून दर साली वेळेआधी घाट गाठीत आणि बैठक राखीत. परंतु तीन वर्षांमागे विहिरीतून पंप ओढिताना त्यांच्या कमरेत ऐसी उसण भरली की पुन्हा घोडीचे हँडल धरवेना, आणि मग घोडी त्यांच्या कुटुंब भिमाबाईसाहेब यांनी धरिली. वय अडतीस, बोलणे थोडे, आणि एकदा मनात घेतले की सोडणे नाही. यजमानांनी खळ्यावर तीन दिवस शिकविले. पहिल्या दिवशीच मागे पेंडीची दोन पोती बांधिली, कारण त्या घराण्याची रीत ऐसी की रिकामे वाहन अंगणातून निघू नये आणि रिकामे अंगणात येऊ नये. बैलगाडीच्या दिवसांपासून ही रीत चालत आली. जाताना फुले, येताना पेंड, पेंड नसली तर किराणा, आणि काहीच नसले तर सासूबाई. तीन वर्षांत बाईसाहेबांनी त्या घोडीवर ऊन पाहिले नाही, चिखल पाहिला नाही, पुणे रस्त्यावरील मालट्रकांची पर्वा केली नाही, परंतु रिकाम्या घोडीवर त्या एक हातही चालल्या नव्हत्या. ही गोष्ट कोणाच्या ध्यानी आली नाही, त्यांच्या स्वतःच्याही नाही.

श्रावणात, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, द्वारकेच्या चौकी सहादू हवालदार यांनी शिटी वाजवून घोडी अडविली. चारही दिशांनी रिक्षा, एसट्या आणि ट्रक यांची गर्दी दाटली होती, आणि बरोबर मागे मल्हारीरावांचा टेम्पो उभा होता. हवालदारांनी लायसन मागितले. बाईसाहेबांनी निर्धास्त चित्ते डिकी उघडून कागद पुढे केला. हवालदारांनी कागदावरचे छायाचित्र पाहिले, त्यास मिशा होत्या, मग बाईसाहेबांकडे पाहिले.

"हे कोणाचं, बाई?"

"मालकाचं. गाडी बी त्यांचीच हाय."

"अहो, लायसन गाडीचं नसतं. चालवणाऱ्याचं असतं."

"तीन वर्षं झाली मी हेच घेऊन फिरते, ते मंग?"

"ते माझ्या आज नजरेला पडलं," हवालदार बोलिले.

बाईसाहेबांची समजूत प्रामाणिक होती. हॉर्न गाडीचा, आरसा गाडीचा, तैसा परवानाही गाडीचा, तो डिकीत असला म्हणजे झाले, आणि वडनेर शिवारात निम्म्या लोकांची समजूत हीच. हवालदारांनी फर्मावले की आज माल नाशवंत आहे म्हणून जाऊ देतो, परंतु पुन्हा विनापरवाना या चौकात दिसल्यास गाडी जमा होऊन चौकीमागे लागेल. मल्हारीरावांनी टेम्पोतून मान बाहेर काढून हे सर्व ऐकिले, आणि त्या दिवशी घरी जाताना त्यांनी हॉर्न उगाच दोनदा वाजविला.

दुसऱ्याच दिवशी मल्हारीरावांचा निरोप आला. भाषा अति गोड. वहिनींनी रस्त्यावर जिवाला त्रास घेऊ नये, रोजचा माल आमच्या टेम्पोत टाकावा, आम्ही काही परके नाही, आणि दसऱ्यापासून ओट्याचेही आमचे घर पाहील. हे ऐकून बाईसाहेबांस भय वाटले आणि रागही आला, आणि दोन्ही एकदम आल्याने त्या रात्री त्यांच्या भाकरी करपल्या. कारण ऐसे, की घरी त्या सून, मळ्यात त्या मजूर, आणि सात-बाऱ्यावर त्यांचे नाव नाही. ओट्यावरही मध्यभागी सासूबाई बसत आणि त्या कडेला, दुमडलेल्या गोणपाटावर, एक पाय खाली सोडून. गिऱ्हाईक भाव पुसे तो सासूबाईंस. परंतु आज ना उद्या तो भाव आपल्यास पुसला जाईल, ही एक आशा त्यांनी बावीस वर्षे धरिली होती, आणि ओटाच गेला तर ती कोठे ठेवावी हे त्यांस कळेना. त्यांनी निरोप्यास इतकेच सांगितले की टेम्पोचा उपकार आहे, रोजचा माल दसऱ्यापर्यंत द्यावा, आणि दसऱ्याचे दसऱ्यास पाहू.

मग मोहिमेची तयारी चालली. शिकाऊ परवान्यासाठी रस्त्यावरील खुणांचा अभ्यास करणे प्राप्त होते. हिरामणराव ओसरीत बसून चित्र दाखवीत आणि बाईसाहेब चूल फुंकीत उत्तर देत, आणि चौथ्या दिवशी सासूबाईंसही सर्व खुणा पाठ होऊन त्या आधी उत्तर देऊ लागल्या, तेव्हा त्यांस परसात धाडिले. श्रावण वद्यात परीक्षा झाली, बाईसाहेब पास झाल्या, आणि पुढे कायदा ऐसा की तीस दिवस लाल एल लावून फिरावे आणि पक्का परवानाधारक मागे बसवावा. तेव्हा हिरामणराव कमरेस उशी बांधून मागे बसत, आणि त्यांच्या वजनाने घोडी गुणी चाले. महिना ऐसा सुखाने गेला.

पितृपंधरवड्यातील सोमवारी पहिली चढाई केली. पेठ रस्त्यावरील मैदानात चुन्याने इंग्रजी आठ आखलेला, त्याच्या दोन्ही पोटांत विटा मांडलेल्या, आणि लिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर परीक्षक यादवसाहेब वही मांडीवर घेऊन बसलेले. या साहेबांचे वर्णन करावे तर मुखी हास्य नाही, परंतु मनी अन्यायही नाही. गोऱ्यास एक आणि काळ्यास एक ऐसे त्यांच्यापाशी नव्हते. हुकूम एवढाच, की आठ पुरा करावा, पाय टेकू नये, टेकल्यास सात दिवसांनी यावे. हिरामणराव मागून उतरले. बाईसाहेबांनी गियर टाकिला आणि घोडी, जी तीन वर्षांत कधी उडाली नव्हती, ती एकाएकी पुढे उडाली. हँडल डावीकडे पळाले, मागचे चाक भलतीकडे सरकले, आणि पहिल्याच पोटात बाईसाहेबांचा पाय भुईस लागला. साहेबांनी वहीत फुली मारिली.

घरी खलबत बसले. हिरामणराव म्हणाले प्लग गेला असेल, आणि प्लग बदलिला. सासूबाई म्हणाल्या नजर लागली, आणि मीठमोहऱ्या ओवाळिल्या. बाईसाहेब म्हणाल्या सराव कमी पडला, आणि खळ्यावर रांगोळीने आठ काढून सराव मांडिला. परंतु रिकामी गाडी अंगणातून कैसी न्यावी, म्हणून रिवाजाप्रमाणे मागे पेंडीची दोन पोती बांधिली, आणि त्या दोन पोत्यांसह बाईसाहेबांनी सहा दिवसांत शंभर आठ काढिले. रांगोळीची एक रेघ पुसली नाही. आजूबाजूच्या मळ्यांतून लोक पाहावयास येत आणि बोटे तोंडात घालीत. कोणाच्या डोक्यात उजेड पडला नाही, याचे सेवकास आजही नवल वाटते.

घटस्थापनेच्या सोमवारी दुसरी चढाई. या खेपेस पहिले पोट पार पडले, परंतु मधल्या चौफुल्यावर घोडीने मान हलविली आणि पाय टेकला. साहेबांनी फुली मारिली. हिरामणराव मागे बसले, आणि बाईसाहेब डोळ्यांत पाणी घेऊन फाटकाकडे निघाल्या. तेथे एक ट्रक मागे येत होता, एक रिक्षा आडवी लागली होती, आणि मध्ये वाट हातभर. त्या हातभर वाटेतून बाईसाहेबांनी घोडी दोनदा वळवून ऐसी बाहेर काढिली की रिक्षावाल्याने विडी खाली घेतली. यादवसाहेबांनी लिंबाखालून हे पाहिले आणि त्यांची लेखणी थांबली. बाईसाहेबांसही काही सुचले. चहाच्या टपरीसमोर त्यांनी घोडी थांबविली.

"उतरा बरं."

हिरामणराव उतरले. बाईसाहेब दहा पावले गेल्या आणि डुगडुगल्या.

"बसा बरं."

ते बसले. घोडी सरळ चालली. ऐसे चार वेळा उतरविले आणि चार वेळा बसविले, आणि पाचव्या वेळेस हिरामणराव कमरेस हात लावून बोलिले, "अगं, माझी कंबर हाय का पायरी?"

"गाडी बिघडली नाय, मी बी बिघडले नाय," बाईसाहेब म्हणाल्या, "तुमच्या घरच्या रीतीनं घात केला. मला रिकामी गाडी येतच नाय."

आता रिकामी घोडी शिकावी हे उघड झाले. परंतु घरी घट बसले होते. सासूबाईंनी निक्षून सांगितले की एरवी एखादे वेळी पाहिले असते, नवरात्रात नऊ दिवस रिकामे वाहन अंगणातून हलणार नाही, मग दरबार साहेबाचा असो की बाजीरावाचा. यजमानांनी रदबदली केली, ती व्यर्थ गेली. इकडे मल्हारीरावांनी ओटा धुण्यासाठी माणूस सांगून ठेविला, नवी चटई घेतली, आणि खंडेनवमीस माल घेऊन दुपारपासूनच पिंपळाशी उभे राहण्याचा बेत केला. गावातील दुसरे टेम्पो पितृपंधरवड्यातच ठरून गेलेले, आणि ठरले नसते तरी भाड्याचे वाहन कलमात बसत नव्हते. सातवा दिवस म्हणजे खंडेनवमीच. त्या दिवशी आठ सर न झाल्यास ओटा गेला, कारण शिकाऊ परवान्यावर मागे यजमान बसावयाचे, मग गोण्यांस जागा नव्हती. हे मनात आणून बाईसाहेबांनी चार दिवस विचार केला, कोणास काही सांगितले नाही, आणि नवमीस पहाटे झेंडूच्या दोन गोण्या भरून सासूबाईंसह रिक्षेत घालून पेठ रस्त्यास रवाना केल्या. सासूबाईंनी विचारिले की हे कलमाविरुद्ध नव्हे काय. त्यावर बाईसाहेब म्हणाल्या की कलम ओट्याच्या मालाचे, आरटीओच्या मालाचे नव्हे. सासूबाईंस हे पटले, आणि त्या रिक्षेत मध्यभागी बसल्या.

यजमानांस मागे बसवून मैदानी पोचल्यावर बाईसाहेबांनी यादवसाहेबांपुढे उभे राहून अर्ज केला.

"साहेब, आठ काढायचा तर मला भरल्या गाडीवर काढू द्या. तुमच्या पुस्तकात रिकामी गाडी पाहिजे असं लिवलंय का?"

साहेबांनी पुस्तक मागविले आणि चष्मा पुसून पाव तास वाचिले. तोवर मैदानात परवान्याचे पाऊणशे उमेदवार, दलाल आणि नव्या गाड्या पासिंगला आणलेले लोक जमा झाले. पुस्तकात ऐसे काही निघाले नाही. तेव्हा साहेबांनी दोन उमेदवारांकडून गोण्या उचलवून पाहिल्या, आणि मागे माणूस बसतो त्याहून वजन अधिक नाही ऐसी खात्री करून आज्ञा दिली. गोण्या बांधिल्या. बाईसाहेबांनी डोक्यावर लोखंडी टोपीएवढे जड हेल्मेट चढविले, जे त्यांनी देवळाली कॅम्पातील तोफखान्याच्या एका शेजाऱ्याकडून मागून आणिले होते, आणि किक मारिली. मग जे जाहले ते पाहणारांनीच पाहावे. घोडी पाण्यासारखी वाहिली. एक वीट हलली नाही. मैदानात टाळ्या पडल्या, आणि हिरामणरावांनी कंबर विसरून उडी मारिली.

परंतु साहेबांनी लेखणी उचलली नाही.

"माल विकल्यावर घरी कशा जाता?"

"पेंड घेऊन."

"पेंड नसली तर?"

"सासू बसते मागं."

"आणि सासूबाई आजारी पडल्या तर?"

"मी कशाला आजारी पडू?" ऐसे गोणीशेजारून सासूबाई बोलिल्या.

साहेब हसले नाहीत. त्यांनी सांगितले की बाई, भरली गाडी तुम्हांस उत्तम येते, इतकी की मजलाही येत नाही. परंतु परवाना अर्धा देता येत नाही. उद्या एकट्या निघालात, द्वारकेस कोणाचे लेकरू आडवे आले, आणि गाडी पहिल्या खेपेस उडाली तैसी उडाली, तर त्या लेकरास मी कोणते पुस्तक दाखवू. रिकाम्या गाडीवर आठ काढा, मी सही करितो. हे बोलणे खरे होते, आणि खरे होते म्हणूनच बाईसाहेबांच्या जिव्हारी लागले. त्या गोणीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. ऊन डोक्यावर आले होते.

इतक्यात ओझरकडील एक गृहस्थ, नवी मोटारसायकल पासिंगला घेऊन आलेले, त्यांनी सासूबाईंस झेंडूचा भाव पुसला. खंडेनवमीचा दिवस, घरोघर अवजारांची आणि वाहनांची पूजा, आणि मैदानात नव्या गाड्या पन्नास, हार एकीसही नाही. सासूबाईंनी चाळीस वर्षांत गिऱ्हाईक कधी परत धाडिले नव्हते. त्यांनी घोडीवरच्या गोणीचे तोंड सोडून दोन किलो काढून दिले. दुसरा आला, तिसरा आला, दलालांनी आपल्या टेबलांसाठी घेतली, आणि बाईसाहेबांनी सहज गोणीकडे पाहिले तो गोणी थोडी खाली बसली होती. त्यांच्या डोळ्यांत एकाएकी तेज आले. त्यांनी साहेबांस दुसरा अर्ज केला, की सासूबाई विकतील आणि मी फिरेन, जैसजैसा माल उतरेल तैसतैसा आठ काढीन, आणि शेवटी गाडी रिकामी होईल तेव्हाही काढीन. साहेबांनी घड्याळ पाहिले, लिंबाकडे पाहिले, आणि आज्ञा केली की चुन्याच्या पहिल्या रेघेशी थांबलात तर पाय टेकणे माफ, आठात टेकला तर फुली आणि पुन्हा सात दिवस.

मग जो प्रसंग जाहला तो नाशिकच्या आरटीओने पूर्वी पाहिला नव्हता. बाईसाहेब एक आठ काढीत, रेघेशी येत, सासूबाई सूपभर झेंडू काढीत, तो मोजून देत, आणि बाईसाहेब पुन्हा निघत. आणि घोडी दर फेऱ्यास थोडी हलकी होई, आणि बाईसाहेब दर फेऱ्यास थोडे नवे शिकत. पाचव्या फेऱ्यास कळले की आता थोडे पुढे सरून बसावे. आठव्यास कळले की मूठ पिळू नये, नुसती धरावी. दहाव्यास घोडी चौफुल्यावर लटपटली, परंतु बाईसाहेबांनी गुडघे आवळून ती सावरिली. हिरामणराव फेरे मोजीत होते, ते अकरा आणि बारा यांमध्ये रडू आल्याने चुकले, सबब फेरे चौदा की पंधरा याबद्दल मतभेद आहे. सेवक चौदा धरितो. इकडे गाड्यांवर हार चढू लागले, आणि परवान्यासाठी आलेले लोक आपला नंबर सोडून फुले घेऊ लागले. यादवसाहेबांनी आपल्या जीपसाठी पाव किलो पदरचे पैसे देऊन घेतला.

अखेरीस गोण्या रिकाम्या झाल्या. तरी त्या मागे बांधलेल्याच होत्या. बाईसाहेब रेघेशी थांबल्या आणि सासूबाईंकडे पाहू लागल्या. नवरात्र चालू होते, घट बसले होते, आणि रीत सासूबाईंची होती. नवसाबाईसाहेबांनी स्वहस्ते दोऱ्या सोडिल्या, रिकाम्या गोण्या ओढून काढिल्या आणि काखेत धरिल्या.

"जा. देवीचं मी बघते, तू आकड्याकडं बघ."

ऐसी आज्ञा जाहली, आणि बाईसाहेब सासूबाईंच्या संमतीने प्रथमच रिकाम्या घोडीवर निघाल्या. पहिले पोट पार केले. चौफुल्यावर मागचे चाक सरकले, उजवा पाय फळीवरून सुटला आणि भुईपासून चार बोटांवर आला, आणि तेथेच थांबला, आणि वर गेला. दुसरे पोट पार केले. रेघ ओलांडली. तेव्हा यादवसाहेब सकाळपासून प्रथमच खुर्चीवरून उठले आणि उभ्यानेच सही केली. चार वाजता खिडकीवर परवाना हाती आला. त्यावर बाईसाहेबांचे नाव होते आणि त्यांचेच छायाचित्र होते. सरकारी कागदावर आपला चेहरा त्या प्रथमच पाहत होत्या. त्यांनी तो पदराने पुसला आणि डिकीत न ठेविता पोलक्यात ठेविला.

आता वेळ थोडा. सासूबाई रिक्षेने थेट घाटावर गेल्या, आणि बाईसाहेब यजमानांस मागे घेऊन वडनेरास दौडत आल्या. यजमान उतरले, तीन गोण्या चढल्या, आणि एकट्या बाईसाहेबांनी कूच केले. विहितगाव मागे टाकिले, पुणे रस्ता धरिला, आणि साडेपाचास द्वारकेस आल्या तो दसऱ्याच्या गर्दीने चौक ऐसा दाटला होता की मुंगीस वाट नाही. सहादू हवालदारांनी शिटी वाजविली. बाईसाहेबांनी परवाना पुढे केला. हवालदारांनी छायाचित्र पाहिले, चेहरा पाहिला, पुन्हा छायाचित्र पाहिले.

"आता जुळतंय," ते बोलिले, आणि दोन रिक्षा, एक एसटी आणि एक उसाची गाडी हाताने अडवून त्यांनी वाट करून दिली.

गंगाघाटावर मल्हारीराव पिंपळाशी नव्या चटईवर हात ठेवून उभे होते, आणि त्यांचा माल टोपल्यांतून तयार होता. समोरच्या फळीवरील कुसाबाई, ज्या पंचवीस वर्षे पिंपळाशी दिवा लावीत, त्या काडी ओढीत होत्या आणि वात पेट घेत नव्हती. वात ओली होती की ओली केली होती, हे कुसाबाई आजपर्यंत सांगत नाहीत. तीन काड्या गेल्या. चौथी ओढली तेव्हा गर्दीतून हॉर्न ऐकू आला, घोडी ओट्याशी येऊन थांबली, आणि दोन गोण्या ओट्यावर पडल्या. तिसरी जड होती. ती मल्हारीरावांनीच उचलून वर ठेविली, कारण माणूस लोभी असला तरी वाईट नव्हता, आणि वहिनीस धापा लागल्या होत्या. मग कुसाबाईंचा दिवा लागला.

नवसाबाईसाहेब ओट्यावर चढल्या. त्यांनी गोणपाट झटकून मध्यभागी अंथरिले, आणि आपण कडेला जाऊन, एक पाय खाली सोडून बसल्या.

"बस."

"आत्या, ती जागा तुमची हाय."

"बस म्हनलं ना. फुलं सुकायलीत."

बाईसाहेब बसल्या. इतक्यात भद्रकालीकडील एक गिऱ्हाईक आले आणि त्याने सवयीने नवसाबाईंस भाव पुसला. नवसाबाईंनी मान न वळविता उत्तर दिले, "मला काय इचारतो? मालकिणीला इचार."

तेव्हा भिमाबाईसाहेबांनी भाव सांगितला. आवाज किंचित कापला, परंतु भाव कापला नाही, आणि त्या संध्याकाळी घाटावर तोच चालला. येणेप्रमाणे आश्विन शुद्ध नवमीस, दिवेलागणीच्या समयी, तीन गोण्या झेंडू आणि परवाना एक यांनिशी, गंगाघाटावरील तीन हात लांब, दीड हात रुंद बैठक थोरल्या घराकडे कायम जाहली, आणि फत्ते भिमाबाईसाहेबांच्या नावे दफ्तरी चढविली असे.